मांजर रात्री झोपू देत नसेल तर

इथे बॉबलिंगेनमध्ये एकट्या राहणाऱ्या पुष्कळ वृद्धांना मांजराची सोबत असते. पहाटे व तिन्हीसांजेला जागे असणे हा मांजराचा स्वभावच आहे. जूनमध्ये इथे साडेपाचच्या आत सूर्य उगवतो, तेव्हा ते आणखी लवकर उठवते. परिचारिका म्हणून मला झोपमोडीपेक्षा पडण्याची भीती वाटते. अंधारात मांजर पायांत येते आणि उतारवयात खुब्याचे हाड मोडले की सावरणे कठीण जाते.

म्हणून एवढे करा :

१. झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे दोरीने खेळवा, मग खायला द्या. पोट भरले की ते झोपते.

२. रात्री ओरडले तरी उठू नका, रागावू नका, खाऊ देऊ नका. सुरुवातीला ओरडणे वाढेल. तेव्हाच धीर धरा.

३. पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा ठेवा.

म्हातारे मांजर अचानक रात्री ओरडू लागले, वाळले किंवा फार पाणी पिऊ लागले, तर थायरॉईड वा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. पशुवैद्यांना दाखवा. आपल्या गोळ्या त्याला कधीच देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.