पिर्ग्याहून परतलेला मार्क: आत्मिक प्रौढता कशी वाढते



तुम्ही प्रभू येशूवर विश्वास ठेवला त्याला किती वर्षे झाली? कोणी म्हणेल 2, कोणी म्हणेल 20, तर कोणी म्हणेल, "आमचे घराणेच तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे." आता दुसरा प्रश्न. या वर्षांत तुमची वाढ किती झाली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सापडते. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नसते. ते घरात, कामाच्या ठिकाणी आणि मंडळीत आपल्याबरोबर वावरणाऱ्यांना ठाऊक असते.

या धड्यात आपण एका तरुण सेवकाच्या जीवनातून आत्मिक प्रौढतेचा अभ्यास करणार आहोत. त्याचे नाव योहान मार्क. पुढे वाचण्यापूर्वी प्रेषितांची कृत्ये 13:1-13 आणि 15:36-41 हे दोन भाग आपल्या पवित्र शास्त्रातून सावकाश वाचून घ्या.

प्रौढता म्हणजे काय?

इब्री लोकांस पत्राचा लेखक आपल्या वाचकांना एक कठोर गोष्ट सांगतो (इब्री 5:11-14). एवढा काळ गेल्यावर त्यांनी इतरांना शिकवायला हवे होते, पण त्यांनाच पुन्हा मुळाक्षरे शिकवण्याची वेळ आली आहे. ते अजून दुधावरच आहेत. येथे दुधाला नावे ठेवलेली नाहीत, हे लक्षात घ्या. नव्याने जन्मलेल्या बालकांनी वचनाच्या दुधाची ओढ धरावी असे पेत्रही सांगतो (1 पेत्र 2:2). तान्ह्या बाळाने दूध प्यावे यात काहीच चूक नाही. पण दहा वर्षांचे मूल केवळ दुधावर राहत असेल तर आईवडील त्याला डॉक्टरांकडे नेतात.

मग जड अन्न कोणासाठी आहे? ज्यांच्या मनाला सरावाने चांगले आणि वाईट ओळखण्याचे वळण लागले आहे त्यांच्यासाठी. या ठिकाणी लेखकाने जो मूळ ग्रीक शब्द वापरला आहे तो व्यायामशाळेतला आहे. आपल्या भाषेत त्याला जवळचा शब्द तालीम. हौद्याच्या काठावर बसून सगळे डावपेच तोंडपाठ करणारा मनुष्य पैलवान होत नाही. जो रोज मातीत उतरतो, पडतो, उठतो आणि पुन्हा जोर काढतो, तोच पैलवान होतो. तसेच पुष्कळ संदेश ऐकल्याने, पुष्कळ वचने पाठ असल्याने माणूस जाणकार होईल, पण तेवढ्याने प्रौढ होणार नाही. ऐकलेले वचन रोजच्या प्रसंगात वापरून वापरून जी समज अंगी मुरते, ती प्रौढता होय.

चांगली सुरुवात, पण अर्धा रस्ता

मार्काला काय कमी होते? यरुशलेमेत त्याची आई मरीया हिच्या घरी मंडळी प्रार्थनेला जमत असे. तुरुंगातून सुटलेला पेत्र थेट याच घराच्या दारात येऊन उभा राहिला (प्रे. कृत्ये 12:12). म्हणजे हा तरुण प्रार्थनेच्या घरात वाढला. बर्णबा त्याचा नातेवाईक. पहिल्या सुवार्ता प्रवासात पौल व बर्णबा यांचा मदतनीस म्हणून त्याला घेण्यात आले (13:5). लूकने येथे मदतनीस या अर्थी जो शब्द वापरला आहे, तोच शब्द त्याने नासरेथच्या सभास्थानातील सेवकासाठीही वापरला आहे, ज्याच्या हाती प्रभू येशूने ग्रंथपट परत दिला (लूक 4:20). काम लहान असेल, पण मानाचे होते.

कुप्र बेटावरील सेवा संपली. मंडळी जहाजाने पंफुल्यातील पिर्गा येथे उतरली. तेथून पुढचा रस्ता समुद्रकिनारा सोडून टॉरस पर्वतात चढत होता. आणि येथेच योहान मार्क त्यांना सोडून यरुशलेमेस परत गेला (13:13). लूक कारण देत नाही. भीती, आजार, घराची आठवण, पौलाशी मतभेद, असे तर्क आपण करू शकतो. पण शास्त्र जिथे गप्प राहते तिथे आपणही एखाद्या पडलेल्या भावाबद्दल तर्क लढवणे थांबवावे, हा या धड्यातला पहिला बोध.

तुमच्या जीवनात पिर्गा कोठे आहे? घरच्यांचा विरोध सुरू झाला तेव्हा सहभागितेला येणे बंद झाले का? नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यावर प्रार्थना मागे राहिली का? घेतलेली जबाबदारी अर्ध्यावर सोडून दिली का? मग पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

दोन प्रौढ सेवकांचा वाद

काही काळाने पौलाने पुन्हा प्रवासाला निघण्याचे सुचवले. बर्णबा म्हणाला, मार्कालाही घेऊ. पौलाला ते योग्य वाटले नाही (15:37-38). दोघांच्याही बाजूने विचार करून पाहा.

पौलाचे म्हणणे साधे होते. मार्क परत गेल्यानंतर लुस्त्र येथे पौलाला दगडमार झाली होती आणि लोक त्याला मेलेला समजून नगराबाहेर ओढत घेऊन गेले होते (14:19). अशा रस्त्यावर अर्ध्यात सोडून जाणारा सोबती इतरांच्या जिवावर बेतू शकतो. सेवा हा खेळ नाही.

बर्णबाचे म्हणणेही तितकेच खरे होते. एके काळी यरुशलेमेतले सर्व शिष्य शौलाला भीत होते, तेव्हा बर्णबानेच त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले (9:26-27). पुढे तार्सास जाऊन त्याला शोधून अंत्युखियाच्या मंडळीत आणणाराही बर्णबाच (11:25-26). एका माणसावर सर्वांच्या आधी विश्वास ठेवल्याने काय घडते, हे त्याने पाहिले होते. त्याचा पुरावा म्हणजे खुद्द पौल.

वाद इतका तीव्र झाला की ते वेगळे झाले. या तीव्रतेसाठी लूकने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो, आणि तो म्हणजे इब्री 10:24. तेथे त्याचा उपयोग एकमेकांना प्रीतीसाठी व सत्कर्मांसाठी चेतवण्याच्या अर्थाने केला आहे. तीच धार! एका ठिकाणी ती दोन भावांना वेगळे करते, दुसऱ्या ठिकाणी ती भावाला चांगल्या कामासाठी जागे करते. आपल्या सहभागितेत मतभेद होणारच. त्यांची धार कोणत्या कामी येते, यावरून आपली प्रौढता कळते.

बर्णबाने मार्काला कोठे नेले?

हा तपशील आपण वाचताना सहसा ओलांडून जातो. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला (15:39). कुप्र ही बर्णबाची जन्मभूमी होती (4:36), आणि मार्काने पूर्वी जेथे विश्वासूपणे काम केले होते तीही हीच भूमी. बर्णबाने त्याला घरी बसवून ठेवले नाही. पर्वताच्या रस्त्यावर लगेच ढकललेही नाही. जेथवर तो नीट चालला होता, तेथून त्याला पुन्हा चालायला लावले.

मंडळीतील पुढाऱ्यांनो, येथे थांबून विचार करा. कोणी भाऊ अथवा बहीण पडून परत येते तेव्हा आपण बहुधा दोनपैकी एक टोक गाठतो. एकतर त्यांच्यावर कायमचा शिक्का मारतो, किंवा पुढच्याच रविवारी त्यांना साक्ष द्यायला पुढे उभे करतो. बर्णबाचा मार्ग वेगळा होता. ओळखीचे काम, सोबतीला अनुभवी माणूस आणि भरपूर वेळ. कार्बाइड घालून पिकवलेला आंबा वरून पिवळाधमक दिसतो, पण चव त्याची आंबटच. आढीतल्या आंब्याला दिवस लागतात, आणि घरभर वास त्याचाच सुटतो.

शांत वर्षे आणि त्यांचे फळ

यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत मार्काचे नाव येत नाही. पिर्ग्याहून परतण्यापासून पौलाच्या पत्रात त्याचा उल्लेख होईपर्यंत साधारण 12 ते 15 वर्षांचा काळ गेला असावा. त्या वर्षांची बातमी कोणी लिहून ठेवली नाही. वाढ बहुतेक वेळा अशीच होते. बियाणे जमिनीखाली असताना शेतकरी ते रोज उकरून पाहत नाही.

मग एके दिवशी फळ दिसते. तुरुंगातून कलस्सैकरांना लिहिताना पौल मार्काचा सलाम कळवतो आणि तो आला तर त्याचा स्वीकार करा असे सांगतो (कलस्सै 4:10). फिलेमोनाच्या पत्रात त्याला आपल्या सहकाऱ्यांत मोजतो (फिलेमोन 24). पेत्र त्याला आपला पुत्र म्हणतो (1 पेत्र 5:13). आणि मरण समोर दिसत असताना पौल तीमथ्याला कळवतो की मार्काला बरोबर आण, कारण सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (2 तीमथ्य 4:11). 'उपयोगी' हाच शब्द पौलाने अनेसिम या पळून गेलेल्या दासासाठीही वापरला आहे (फिलेमोन 11). सोडून गेलेल्या दोघांना देवाच्या कृपेने एकच नवे नाव दिले!

आद्य मंडळीच्या परंपरेनुसार दुसरे शुभवर्तमान याच मार्काने लिहिले. जो पर्वताच्या पायथ्याशी थांबला होता, त्याच्या लेखणीतून प्रभूच्या क्रुसाच्या वाटेची कथा आज जगभर वाचली जाते.

पण या कथेत केवळ मार्कच वाढला का? ज्या पौलाने त्याला नाकारले होते, तोच शेवटी त्याला बोलावतो. आपले जुने मत बदलणे आणि ते पत्रात लिहून ठेवणे, यालाही प्रौढता लागते. पौल स्वतः म्हणतो की तो अजून पूर्णतेस पोहोचलेला नाही, तर पुढे धावत आहे (फिलिप्पै 3:12-14). इफिस 4:13-16 मध्ये तर प्रौढता ही एकट्यादुकट्याची नव्हे, सर्व शरीराची वाढ म्हणून सांगितली आहे. सत्य धरून राहायचे, आणि तेही प्रीतीने. पौलाचा सत्याचा आग्रह आणि बर्णबाची प्रीती, मंडळीला दोन्ही हवे असतात.

ज्ञानापासून जीवनापर्यंत

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही हा धडा आहे. पंडिता रमाबाईंना 1878 मध्ये कोलकात्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. विद्वत्तेची कमतरता नव्हती. तरी पुढे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. मग त्या तेथेच थांबल्या नाहीत. दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांना व मुलींना त्यांनी आसरा दिला, केडगावच्या मुक्ती मिशनचे काम उभे केले, हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले आणि 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या कामात राहिल्या. ज्ञान असूनही, "मला अजून मिळायचे आहे," असे म्हणण्याची नम्रता त्यांच्यात होती. वाढ तेथूनच सुरू होते.

आपण काय करावे?

1. रोज वचन वाचताना शेवटी एकच प्रश्न विचारा: आज यातले मी कोठे वापरणार? घरात, कार्यालयात की शेजाऱ्याशी बोलताना? नेमका प्रसंग ठरवा. रात्री प्रभूसमोर त्याचा हिशेब द्या.

2. आपला बर्णबा शोधा. आपली खरी स्थिती जाणणारा एक तरी अनुभवी विश्वासू भाऊ किंवा बहीण प्रत्येकाला हवी. तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल आणि जवळ मराठी सहभागिता नसेल, तर आठवड्यातून एकदा फोनवर एकत्र प्रार्थना करा.

3. कोणाचे तरी बर्णबा व्हा. तुमच्या ओळखीत मागे राहिलेला एक मार्क असेलच. या आठवड्यात त्याची भेट घ्या. उपदेश नंतर, आधी चौकशी.

4. जेथे पाऊल थांबले, तेथून पुन्हा निघा. सोडलेले लहान काम पुन्हा हाती घ्या. मोठी संधी मिळाली की वाढू, असे म्हणणारा सहसा वाढत नाही.

मनन आणि चर्चेसाठी प्रश्न

- मागच्या वर्षी जी गोष्ट मला सहज रागावत होती, तिच्याशी आज मी कसा वागतो?
- माझ्या मतभेदांमुळे मंडळीत फूट पडते की कोणी चांगल्या कामासाठी चेतवला जातो?
- ज्याच्याबद्दल मी पूर्वी कठोर मत बनवले, त्याच्यात देवाने केलेले काम मला आज दिसते का?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू मार्काला टाकून दिले नाहीस म्हणून तुझे आभार मानतो. आमचे पिर्गा तुला ठाऊक आहे. आम्हाला पुन्हा उभे कर. ऐकलेले वचन आचरणात आणण्याची रोजची सवय आम्हाला लाव. पडलेल्यांविषयी आम्हाला बर्णबाचे हृदय दे, आणि आमचे मत चुकले असेल तेथे ते बदलण्याची नम्रता दे. ख्रिस्ताच्या पूर्णतेपर्यंत आम्हा सर्वांना एकत्र वाढव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.