बारा धन्यांची एक होडी

ज्याच्या वाट्याला सामाईक विहीर आली आहे, त्याला हा धडा समजायला वेळ लागणार नाही. विहीर एक आणि धनी चार. कोणाची पाळी सोमवारची, कोणाची गुरुवारची. मोटर जळली की पैसे कोणी द्यायचे, यावरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. आज आपण असाच एक सामाईक जिन्नस पाहू. पण तो आपल्या मुलखातला नाही, इंग्लंडातला आहे. आणि ती विहीर नाही, होडी आहे.

इंग्लंडातले जुने कालवे शेताला पाणी देण्यासाठी खणलेले नाहीत. ते माल नेण्यासाठी खणले. १७६१ साली ब्रिजवॉटर नावाचा कालवा सुरू झाला आणि वर्स्ली गावच्या खाणीतला कोळसा त्यातून मँचेस्टरकडे जाऊ लागला. काठाच्या वाटेने घोडा चालायचा आणि दोराने होडी ओढायचा. पुढे आगगाडी आली, मोटार ट्रक आले, आणि कालव्यावरचा माल आटत गेला. १९६२-६३ च्या हिवाळ्यात तर कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले. त्यानंतर उरलासुरला धंदाही बहुतेक बसला. आज त्याच कालव्यांतून लोक सुट्टीसाठी होडीने फिरतात. काही जणांचे तर घरच होडीत असते.

ही होडी दिसायला मोठी मजेची. तिथल्या पुष्कळ कालव्यांवर पाण्याचे जे जिने आहेत, त्यांची रुंदी फक्त ७ फूट. म्हणून होडीही ६ फूट १० इंच रुंद ठेवतात. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत जाते. म्हणजे रुंदीला आपल्या एस.टी.च्या गाडीहून कमी आणि लांबीला जवळजवळ दुप्पट! आत चूल, बिछाने, शेगडी, संडास, सगळे असते. वेग ताशी ४ मैल, त्याहून जास्त नाही. काठाने कोणी भरभर चालू लागला तर तो होडीच्या बरोबरीने जाईल.

अशी पोलादी होडी घ्यायची तर पैसा फार लागतो. आणि घेऊन करायचे काय? नोकरी-धंद्याच्या माणसाला वर्षात तीन-चार आठवडे रजा. बाकीचे दिवस होडी काठाला बांधून पडायची. पण पडून राहिली म्हणून खर्च थांबत नाही. उभी करण्याच्या जागेचे भाडे, विमा आणि दरवर्षीचा परवाना, हे द्यावेच लागते. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैल कालवे-नद्या २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिचा परवाना घेतल्याशिवाय तिच्या पाण्यात होडी ठेवता येत नाही. म्हणून कित्येक ठिकाणी १२ जण मिळून एक होडी घेतात.

आता हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या. वर्षाचे आठवडे ५२. त्यांतले ४ दुरुस्तीला ठेवले. उरले ४८. धनी १२. मग एकाला किती? चार आठवडे. इतके सोपे असते तर हा धडा लिहावाच लागला नसता!

कारण सगळे आठवडे सारखे नसतात. ऑगस्टमध्ये तिथे ऊन असते आणि शाळांना सुट्टी असते. जानेवारीत कडाक्याची थंडी. ऑगस्ट सगळ्यांना हवा, जानेवारी कोणालाच नको. म्हणून नावांची एक यादी करतात. पहिल्या नावाने पहिला आठवडा निवडायचा, मग दुसऱ्याने, असे खालपर्यंत. पुढच्या वर्षी पहिले नाव तळाला जाते आणि दुसरे वर येते. बारा वर्षांत प्रत्येक जण एकदा पहिला आणि एकदा शेवटचा होतो. आमच्या मते ही रीत चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा चांगली. चिठ्ठीत नशिबावर राग काढता येतो. यादीत पुढच्या साली आपले नाव कुठे येणार, ते प्रत्येकाला आधीच दिसते.

पाळी बदलण्याचा दिवस आणि तास ठरलेला हवा. समजा, शनिवारी दुपारी तीन. पहिले कुटुंब पाच वाजता आले तर दुसरे कुटुंब पोरेबाळे आणि बोचकी घेऊन काठावर दोन तास ताटकळणार. त्या दोन तासांत जे बोलणे होते, ते वर्षभर विसरले जात नाही.

होडी सोपवताना पाण्याची टाकी भरलेली, डिझेल भरलेले आणि जमीन झाडलेली असावी. आणि संडासाची टाकी रिकामी केलेली असावी. हसू नका. सामाईक घरात राहिलेल्या कोणालाही विचारा, भांडण पैशावरून सुरू होते की संडासावरून?

होडीवर एक वही ठेवतात. इंजीन किती तास चालले, तेल कधी घातले, काय मोडले, हे सगळे तिच्यात लिहायचे. आपल्या हातून कपबशी फुटली तर तेही लिहायचे. ज्याला ‘लिहायला काय घेतलंय, तोंडी सांगू की’ असे वाटते, त्याने पुढचे नीट वाचावे. गॅसच्या नळीला वास येत होता आणि पहिल्याने तो लिहिला नाही. दुसऱ्याने दारे-खिडक्या लावून रात्री शेगडी पेटवली. काय होईल? शेगडीचा धूर कोंडला तर त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणूनच २०१९ पासून तिथे अशा होडीत त्या वायूची धोक्याची घंटा बसवणे सक्तीचे केले आहे. शिवाय दर चार वर्षांनी होडीची सुरक्षा-तपासणी होते.

आता पैसा. खर्च दोन तऱ्हेचे. डिझेल जो जाळील त्याने भरावे; यात वाद नाही. पण परवाना, विमा आणि जागेचे भाडे हे सगळ्यांनी सारखे द्यायचे. इथे कोणीतरी हमखास म्हणतो, ‘मी या वर्षी गेलोच नाही. मग मी वर्गणी का देऊ?’ तो गेला नाही म्हणून गंज थांबत नाही. होडीचा तळ दर दोन-तीन वर्षांनी पाण्याबाहेर काढून, धुऊन, डांबराचा काळा रंग द्यावा लागतो. न दिला तर पोलाद पातळ होते. म्हणून वर्गणीतला काही भाग दरसाल बाजूला टाकतात. समजा, प्रत्येकाने वर्षाला १०० पौंड जादा दिले. पाच वर्षांत किती झाले? १२ गुणिले १०० गुणिले ५, म्हणजे ६,००० पौंड. इंजीन बसले त्या दिवशी ही रक्कम हाताशी असते. नसली तर बारा घरी हात पसरावा लागतो, आणि त्यांतली दोन घरे तरी ‘नंतर बघू’ म्हणतात.

हे पैसे मंडळाच्या स्वतःच्या नावाने बँकेत ठेवावेत आणि दोघांच्या सहीशिवाय निघू नयेत. काही मंडळे होडीची व्यवस्था एखाद्या कंपनीकडे देतात. त्यात गैर काही नाही. पण राखून ठेवलेला पैसा कंपनीच्या खात्यात राहू देऊ नये. कंपनी बुडाली तर तिच्याबरोबर तो पैसाही अडकतो, आणि होडीचे कागद शोधत बसावे लागते ते वेगळेच.

करारनामा लेखी हवा. किरकोळ दुरुस्ती कारभाऱ्याने किती रकमेपर्यंत विचारल्यावाचून करावी, इंजीन बदलायला किती मते लागावीत, हे त्यात येते. वर्गणी थकली तर पाळी बंद, हेही येते. कठोर वाटते, पण नाहीतर अकरा जण बाराव्याचा भार वाहतात. भागीदार वारला तर त्याचा हिस्सा वारसाला जातो. विकायचा असेल तर तो आधी बाकीच्यांना विचारावा, मग बाहेर.

बाहेरचा नवा माणूस आला की त्याला लगेच एकट्याला पाठवू नये. पाण्याच्या जिन्यात होडी खाली उतरवायची म्हणजे दोन दारांमधल्या हौदात ती आणायची, दारे लावायची आणि झडपा उघडून पाणी सोडायचे. वरच्या दाराखाली दगडी उंबरा असतो. तो भरल्या पाण्यात दिसत नाही. पाणी उतरताना होडीची मागची बाजू त्यावर अडकली तर पुढची बाजू खाली जाते आणि डोळ्यांदेखत होडी बुडते. म्हणून जुन्या भागीदाराने एक दिवस बरोबर जावे आणि तो उंबरा कुठवर आहे याची काठावरची पांढरी रेघ दाखवावी.

शहाणा गिऱ्हाईक हिस्सा घेण्याआधी होडीचा रंग पाहत नाही. तो वही मागतो आणि बँकेचे पुस्तक मागतो. मग दुपारी तीनच्या सुमारास पाळी बदलताना काठावर जाऊन उभा राहतो.