मे महिन्यात जीवधन चढावा का?

प्रश्न : मेअखेरीस मुलांना घेऊन नाणेघाट, जीवधन आणि आहुपे पाहायचा विचार आहे. जुन्नरला ऊन सोसत नाही. वर गारवा मिळेल का? पाऊस गाठेल का?

उत्तर : गारवा मिळेल, पण बेताचाच. जीवधनचा माथा सुमारे ११४५ मीटर, म्हणजे जुन्नर शहरापेक्षा साडेचारशे मीटर उंच. एवढ्या उंचीने हवेचे तापमान तीन-चार अंशांनी उतरते. मात्र काळा बसाल्ट दिवसभर तापतो आणि कड्याजवळ ती धग अंगावर येते. दुपारनंतर कोकणातून दमट वारा घाट चढून येतो, तेव्हा नाणेघाटाच्या तोंडाशी खरोखर बरे वाटते. आहुप्याची देवराई तर भर दुपारीही सावली देते, मुलांना तिथे जरूर न्या. करवंदेही तेव्हा पिकलेली असतात.

खरी काळजी वळवाची. हाच दमट वारा तापलेल्या पठारावर वर उसळतो आणि दुपारी तीननंतर पाहता पाहता ढग उभे राहतात. मोकळ्या माथ्यावर वीज जीवघेणी असते. म्हणून उजाडताच चढा आणि बारापर्यंत खाली या. गडगडाट ऐकू आला की माथा सोडा, एकट्या झाडाखाली मुळीच थांबू नका, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरात किंवा बंद गाडीत बसा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते, ते आधीच घेऊन ठेवा.

पाणी घरूनच न्या, माणशी किमान तीन लिटर. जीवधनच्या पायऱ्या सुरुंगाने तुटलेल्या आहेत. मुले लहान असतील तर जीवधनऐवजी शिवनेरी करा.