लॅपटॉप घेताना वॅट विचारा

डेस्कटॉप काढून त्याच्या जागी गेमिंग लॅपटॉप आणायचा असेल, तर आधी उष्णतेचा विचार करावा आणि मग प्रोसेसरचा. मी वास्तुरचनेची थ्रीडी चित्रं करते आणि रात्री मनापासून खेळते, दोन्ही एकाच मशीनवर. घर नागपूरला, कामं पुण्यात. डेस्कटॉप बरोबर नेता येत नव्हता म्हणून लॅपटॉपकडे वळले. तेव्हापासून जे कळत गेलं ते इथे मांडते. ज्यांच्या खोलीत मे महिन्यात पंख्याची हवाही गरम लागते, त्यांना ते विशेष उपयोगी पडेल.

१. नावावर जाऊ नका, वॅट विचारा.

‘आरटीएक्स ४०९०’ हे नाव डेस्कटॉपच्या कार्डालाही असतं आणि लॅपटॉपच्या खोक्यावरही असतं. पण डेस्कटॉपचं कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेतं आणि लॅपटॉपमधलं जास्तीत जास्त १७५. आतली चिपही वेगळी. लॅपटॉपमध्ये बसवतात ती डेस्कटॉपच्या ४०८० च्या जातीची, १६ जीबी मेमरीची. पुढच्या ५०९० मध्ये हे अंतर वाढलं : तिकडे ५७५ वॅट, इकडे तेच १७५.

दोन लॅपटॉपांमध्येही सारखेपणा धरून चालू नये. आसुसच्या २०२३ च्या झेफिरस जी१४ मध्ये ४०९० ला १२५ वॅटपर्यंत मुभा आहे. त्याच कंपनीच्या जाडजूड स्ट्रिक्स स्कारमध्ये १७५. आरटीएक्स ४०६० ची मर्यादा ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठेही ठेवता येते, वर डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरच्या वाट्यातून तात्पुरते मिळणारे, २५. पूर्वी कमी विजेच्या चिपला ‘मॅक्स-क्यू’ असं वेगळं नाव असायचं, त्यावरून गिऱ्हाइकाला अंदाज यायचा. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेबरोबर ते नावातून गेलं, आणि हे मला ग्राहकाच्या दृष्टीने वाईटच झालं असं वाटतं.

दुकानात मशीन चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ बघावं. तिथे ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ या ओळीत खरा आकडा असतो. कमी वॅटच्या ४०७० पेक्षा पूर्ण वॅटचा ४०६० मी केव्हाही घेईन. लॅपटॉपमध्ये दोघांची मेमरी ८ जीबीच आहे, आणि पैसे वाचतात ते वेगळेच.

२. परीक्षणातलं तापमान तुमच्या खोलीचं नसतं.

लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत तो किती तापमानाच्या हवेत चालवावा हे लिहिलेलं असतं. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंत म्हणतात. नागपुरात मे महिन्यात दुपारी बंद खोली ३५ च्या खाली राहत नाही, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, सुरू झाला की रात्रीही फार दिलासा नसतो.

हिशेब साधा आहे. पंखे खोलीतलीच हवा आत ओढतात, म्हणून हवा दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते. परदेशातल्या वातानुकूलित खोलीत २३ अंशांवर तपासलेलं मशीन ८० दाखवत असेल, तर आपल्याकडे ३८ अंशांच्या खोलीत ते ९५ च्या आसपास पोचणार. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची सीमा १०० अंश आहे; तिथे पोचलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मशीन बिघडत नाही, पण ज्या वेगाचे पैसे मोजले तो वेग हातात येत नाही. म्हणून ज्या परीक्षणात खोलीचं तापमान दिलेलं नाही, त्यातल्या अंशांना मी हिशेबात धरत नाही.

कूलर असेल तर या हिशेबात फार फरक पडतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोलीचं तापमान चांगलंच उतरवतो. मात्र त्याचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नये. वाळ्यातून बारीक थेंब उडतात, आणि बोअरचं जड पाणी असेल तर त्यातल्या क्षाराची पांढरी भुकटी पंख्यात जाऊन बसते. कूलर खिडकीत, टेबल बाजूच्या भिंतीला, अशी मी मांडणी केली आहे. पावसाळ्यात कूलर निरुपयोगी होतो, पण तेव्हा बाहेरची हवाच तिशीच्या आसपास असते.

एक फायदा मी धरलाच नव्हता. मशीन जेवढी वीज घेतं तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. मोठ्या कार्डाचा डेस्कटॉप खेळताना ४००-५०० वॅट सहज ओढतो, लॅपटॉप दोनशेच्या आसपास. खोली कमी तापते हे पहिल्याच उन्हाळ्यात अंगाला जाणवलं.

३. जाडी आणि वजन मान्य करा.

लॅपटॉपच्या आत तांब्याच्या चपट्या नळ्या असतात. त्यांत हवा काढून अगदी थोडं पाणी भरलेलं असतं. दाब कमी असल्याने ते कमी तापमानावर उकळतं, त्याची वाफ दुसऱ्या टोकाच्या पातळ पात्यांपाशी जाते, तिथे पंख्याच्या वाऱ्याने थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून परत चिपपाशी येते. व्हेपर चेंबर म्हणजे हीच रचना पसरट पत्र्याच्या रूपात. यात काही जादू नाही. पाती किती मोठी, पंखे किती मोठे आणि हवेला जायला किती वाट, यावरच सगळं ठरतं. या तिन्हींना जागा लागते.

डेस्कटॉपची जागा घेणारं मशीन रोज खांद्यावर फिरणार नाही. मग सोळा इंची, अडीच किलोचं का नको? लीजन, ओमेन, हेलिओस, स्ट्रिक्स या घराण्यांतली जाड मॉडेलं आधी बघावीत. दुकानात लॅपटॉप उलटा करून पाहावा : खालच्या जाळीचा भाग प्रशस्त आहे का, रबरी पाय उंच आहेत का, मागे आणि दोन्ही बाजूंना गरम हवा सोडायला जागा आहे का. अडॅप्टरही हातात घेऊन पाहावा. २३० किंवा ३३० वॅटचा अडॅप्टर प्रवासात चांगलाच जाणवतो.

४. चिपवर काय लावलंय ते विचारा.

साधी थर्मल पेस्ट सतत तापून-निवून कडेला सरकते आणि काही महिन्यांनी तापमान चढू लागतं. पीटीएम७९५० सारखं फेज-चेंज पॅड गरम झाल्यावर मऊ होऊन जागा भरतं आणि टिकतं. लिक्विड मेटल सगळ्यात चांगली उष्णता नेतं, पण ते वीजवाहक आहे आणि ॲल्युमिनियम खातं, म्हणून असं मशीन ओळखीच्या दुकानात नुसतं सहज उघडू देऊ नये.

५. पहिल्या दहा मिनिटांवर विश्वास ठेवू नका.

सुरुवातीला तांबं थंड असतं, सगळंच छान चालतं. माझा भाचा दुकानात म्हणाला, “मावशी, गेम तर मस्त पळतोय, घेऊन टाक.” मी त्याला अर्धा तास थांबवलं. मशीन घरी आणल्यावर, परत करायची मुदत असतानाच थ्रीडीमार्कची टाइम स्पाय स्ट्रेस टेस्ट चालवावी. त्यात तोच देखावा वीस वेळा फिरतो आणि स्थिरता किमान ९७ टक्के असेल तरच मशीन उत्तीर्ण होतं. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवावं आणि अंशांइतकंच वॅटवर लक्ष ठेवावं. १४० वॅटवर सुरू झालेलं ग्राफिक्स अर्ध्या तासाने १०० वर आलं असेल, तर तुमच्या घरी ते १०० वॅटचं मशीन आहे.

६. आवाज होणारच. टर्बोमध्ये पंखे पन्नास डेसिबलच्या वर जातात. घरात कोणी झोपलेलं असेल तर मधला मोड वापरते. वेग थोडाच कमी होतो, आवाज मात्र बराच उतरतो.

७. उष्णता काढण्यापेक्षा ती कमी निर्माण करणं सोपं.

पडदा १६५ हर्ट्झचा आहे म्हणून प्रत्येक गेम १६५ फ्रेमनी पळवायची गरज नसते. ‘सायबरपंक २०७७’ सारखा कथेचा गेम मी ६० फ्रेमवर बांधते. ग्राफिक्सचं काम तिथेच हलकं होतं. प्रोसेसरचंही तसंच : इंटेलचा आय९-१३९८०एचएक्स मूळ ५५ वॅटचा, पण टर्बोत १५७ पर्यंत जातो, आणि बहुतेक गेमना त्या शेवटच्या वॅटांचा उपयोग नसतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स बहुधा त्याच नळ्या वाटून घेतात, म्हणून एकाने मर्यादा पाळली की दुसऱ्याला मोकळीक मिळते. मशीन अंडरव्होल्ट करू देत असेल, म्हणजे चिपला थोडं कमी व्होल्टेज देऊ देत असेल, तर तेही थोडं थोडं करून पाहावं. माझ्या मते नव्या कूलिंग पॅडवर पैसे घालण्याआधी हे सगळं करावं. ते फुकट आहे.

८. मागची बाजू उचला, धूळ काढा.

लॅपटॉपची मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी खालून हवा मोकळी येते. गादीवर ठेवून कधीच खेळू नये. सीताबर्डीतल्या दुरुस्तीवाल्याने एकदा दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप उघडून दाखवला. “ताई, लोक म्हणतात मशीन काहून एवढं तापून राहिलं. हे पाहा ना आत.” पात्यांच्या तोंडाशी कापसाच्या तंतूंचा पूर्ण थर होता, पंखा ठीक होता, पण हवा पुढे जातच नव्हती. उन्हाळ्याच्या आधी सफाई करून घ्यावी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं धरून ठेवावं, नाहीतर ते अति वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

९. बॅटरी जपा.

टेबलावर सतत चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी दोन गोष्टींनी लवकर थकते : उष्णता आणि भरलेले शंभर टक्के. लेनोवो, आसुस अशा कंपन्यांच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करावी. लाइट गेली तर डेस्कटॉपसारखं काम बुडत नाही. मात्र बॅटरीवर ग्राफिक्सला पूर्ण वीज मिळत नाही, म्हणून गेम सेव्ह करून थांबते आणि चित्रांचं हलकं काम काढते. लाइट आली की आधी कूलर लावते, मग गेम.