जुना खेळ नव्या यंत्रावर नेताना

पळसदेव, ता. इंदापूर

चि. सोनू यास काकाचे अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या कंपनीत तुला पहिलंच मोठं काम मिळालं, हे वहिनींकडून कळलं. ऐंशीच्या दशकातला एक धावण्याचा, उड्या मारण्याचा आणि गोळीबाराचा खेळ आजच्या कन्सोलवर आणायचा. फोनवर तू मला म्हणालास, ‘काका, नवीन काही बनवायचं नाही, नुसतं पोर्टिंग आहे.’ तुझ्या आवाजातला तो उतरलेपणा मनाला लागला, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत टीव्हीला जोडून जो कॉन्ट्रा खेळला गेला, तो मुळात पोर्टच होता. कोनामी कंपनीनं १९८७ साली तो आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या उभ्या पडद्याच्या यंत्रासाठी केला होता. १९८८ साली तो निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आणताना तिथल्या लोकांनी पडदा आडवा धरला आणि टप्पे नव्यानं रचले. यंत्राची ताकद कमी होती, त्या ताकदीत बसेल तेवढंच ठेवलं. पुढे जगभर लोकांच्या मनात राहिला तो हाच घरगुती कॉन्ट्रा. तुझ्यासारख्याच कुणीतरी ‘नुसतं पोर्टिंग’ मन लावून केलं, म्हणून ते घडलं.

मी आयुष्यभर बँकांचे जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर नेले. तिथे शेवटचा पैसा जुळला की काम झालं. खेळात जुळवायचं असतं ते खेळणाऱ्याच्या बोटांना पाठ असलेलं. आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. उजनी धरणाचं पाणी चढलं आणि जुनं पळसदेव भीमेच्या पोटात गेलं, तेव्हा वर नव्या गावठाणात पळसनाथाचं नवं देऊळ उभं राहिलं. दगड वेगळा, जागा वेगळी. पण देव तोच, म्हणून गावानं ते आपलं मानलं. तुझ्या खेळातला देव कोणता, हे आधी शोध. माझ्या मते तो चित्रात नाही, वेळेत आहे.

उडीचंच बघ. मारिओमध्ये बटण जास्त वेळ दाबलं तर उडी उंच जाते. १९८६ च्या पहिल्या कॅसलव्हेनियात एकदा पाय सुटले की हवेत दिशा बदलता येत नाही. उडी मारण्याआधीच विचार करावा लागतो. प्रिन्स ऑफ पर्शियातला राजपुत्र धावता धावता थांबला तर पाय घसरत थांबतो, कारण त्याच्या अंगाला वजन आहे. तिन्ही खेळांत माणूस उडीच मारतो, पण प्रत्येक उडीचा स्वभाव वेगळा. नव्या यंत्रावर हा स्वभाव बदलला, तर चित्र कितीही देखणं करा, जुना खेळणारा पहिल्याच खड्ड्यात पडेल आणि ‘हा तो खेळ नव्हे’ म्हणून रिमोट खाली ठेवेल.

हे मोजता येतं, म्हणून अंदाजावर सोडू नकोस. त्या वेळचं जपानी-अमेरिकी यंत्र सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवायचं आणि खेळाचा सगळा हिशेब चित्रांवर चालायचा: इतक्या चित्रांनी पाय उचलायचा, इतक्या चित्रांनी गोळी सुटायची. आपल्याकडचे तेव्हाचे टीव्ही ५० चित्रांच्या पद्धतीचे होते. साठच्या हिशेबानं लिहिलेला खेळ तसाच्या तसा पन्नासवर चालवला, तर तो सहाव्या हिश्शानं मंद होतो. तेव्हा मूळ खेळ कोणत्या हिशेबानं लिहिलाय, ते पहिल्याच दिवशी नक्की कर. मग जुनं यंत्र आणि तुझं नवं काम शेजारी-शेजारी ठेव आणि मोबाइलवर २४० चित्रांच्या गतीनं दोन्हींचं शूटिंग घे. बटण दाबल्यापासून पाय जमिनीवरून सुटेपर्यंत किती चित्रं गेली, ती मोज. मोबाइलची चार चित्रं म्हणजे जुन्या यंत्राचं एक. नव्या टीव्हीत चित्रावर प्रक्रिया होते, बिनतारी रिमोट थोडा वेळ खातो, कन्सोल आपला वाटा घेतो; असं करत करत तीन-चार चित्रांचा उशीर कधी साचतो, ते कळतही नाही. खेळणाऱ्याला त्याचं कारण सांगता येत नाही, पण बोटांना तो बरोबर कळतो.

दुसरी तपासणी अशी. बटणं कोणत्या क्षणी दाबली याची एक यादी कर, तीच जुन्या आणि नव्या खेळाला दे आणि नायक प्रत्येक चित्रात कुठे उभा आहे, ते ताडून बघ. पहिला फरक ज्या चित्रात दिसेल, तिथेच तुझी चूक सापडेल. डोळ्यांनी तासन्‌तास बघत बसण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

पडद्याच्या बाबतीत मोह फार होतो. निन्टेन्डोचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. आजचा साधा टीव्ही १०८० ओळींचा, म्हणजे २४० च्या साडेचार पट. त्या अर्ध्यामुळे काही ठिपके जाड तर काही बारीक होतात आणि पडदा सरकू लागला की चित्र थरथरतं. अशा वेळी चारपट करून कडेला काळी पट्टी ठेवलेली परवडते. चार हजार ठिपक्यांच्या नव्या टीव्हीवर २१६० ओळी असतात. तिथे नेमकं नऊपट बसतं. ‘आजचे टीव्ही रुंद आहेत, मग खेळही रुंद करू’ असं कुणी म्हणेल, तेव्हा त्यांना विचार की शत्रू कुठून येतो? या खेळांत शत्रू बहुधा पडद्याच्या कडेबाहेर तयार होतो. पडदा रुंद केला की तो डोळ्यांदेखत हवेतून उगवतो, नाहीतर फार आधी दिसतो आणि सगळी गंमत जाते. रुंद करायचंच असेल तर प्रत्येक टप्पा नव्यानं तपासावा लागेल. तेवढा वेळ हातात आहे का, हे आधीच ठरवून घ्या.

जुन्या यंत्राची अडचण दिसली की ती लगेच दुरुस्त करायला धावू नकोस. निन्टेन्डोच्या त्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवता यायची. नववं आलं की लुकलुक व्हायची. गर्दी वाढली की खेळ मंद व्हायचा आणि खेळणारे त्या मंदपणाचा आधार घेऊन वाट काढायचे. लुकलुक काढलीस तर कुणी तक्रार करणार नाही. मंदपणा काढलास तर तीच जागा एकदम अवघड होऊन बसेल. तेव्हा जुनी चाल तशीच ठेव आणि नितळ चाल हवी असेल त्याला ती निवडता येईल असं कर.

अडचणीतून काय जन्माला येतं, याचं सर्वांत सुंदर उदाहरण प्रिन्स ऑफ पर्शियाचं. जॉर्डन मेकनर या तरुणानं १९८९ साली तो ॲपल टू या संगणकासाठी जवळजवळ एकट्यानं लिहिला. धावण्या-उडी मारण्याच्या हालचाली त्यानं आपल्या धाकट्या भावाचं चित्रीकरण करून एकेक चित्र उतरवून घेतल्या आणि संगीत वडिलांनी दिलं. नवा शत्रू घालायला संगणकात जागा उरली नव्हती, म्हणून त्यानं राजपुत्राचीच चित्रं गणिती युक्तीनं पालटून त्याची सावली उभी केली. राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि सावली बाहेर पडते. शेवटी तलवार म्यान करून त्याला तिच्याशी एकरूप व्हावं लागतं. ‘आता जागा भरपूर आहे, इथे नवा राक्षस घालू’ असं नव्या यंत्रावर कुणी केलं असतं, तर खेळाचा आत्माच गेला असता.

याच खेळाचा मूळ प्रोग्रॅम वर्षानुवर्षं हरवल्यासारखा होता. २०१२ साली मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांनी मदत करून त्या वाचल्या आणि मेकनरनं तो प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. सगळ्यांचं नशीब असं नसतं. तुमच्या खेळाचा मूळ प्रोग्रॅम, चित्रं, संगीत कुणाकडे आहे आणि त्याचे हक्क कुणाचे, हे कामाला हात घालण्याआधी लेखी विचारून घे. आणि तुझं काम संपेल तेव्हा कोणती गोष्ट का बदलली, याची साध्या भाषेतली वही कंपनीत ठेवून ये. तीस वर्षांनी कुणीतरी हाच खेळ आणखी पुढच्या यंत्रावर नेणार आहे.

पुण्यातल्या मुलांना हे जमतं का, अशी शंका तुला येते, हे मला ठाऊक आहे. याच प्रिन्सच्या घराण्यातला २००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं घडवण्याचं काम युबिसॉफ्टनं आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ते जाहीर झालं. पहिली झलक बघून लोकांनी चित्रांवर टीका केली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम मूळ खेळ जिथे घडला होता त्या मॉन्ट्रियलकडे गेलं. आपल्या मुलांनी तिथे घातलेल्या रात्रींचा मला आदरच आहे. त्यातून एवढं घे, की लोक तुझं काम जुन्या खेळाशी ताडून बघत नाहीत, जुन्या खेळाच्या आपल्या आठवणीशी ताडून बघतात, आणि आठवण नेहमी खऱ्यापेक्षा देखणी असते. म्हणून काम अर्धवट असतानाच जुन्या खेळणाऱ्यांच्या हातात दे. बोलायला लाव, रागावू दे. त्याच २०२० साली पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ हा स्वतःचा खेळ आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग बाकीच्या यंत्रांवर आणला. तेव्हा आपल्या गावाकडची पोरं या कामात कुठे कमी पडत नाहीत.

शेवटचं. वेळ पुरत नाही असं दिसलं, तर ते साहेबांना पहिल्या महिन्यात सांग, शेवटच्या आठवड्यात नव्हे. आणि खेळ पूर्ण झाल्यावर शेवटी जी नावं येतात, तिथे मूळ माणसांची नावं सर्वांत आधी घालायचा आग्रह धर. ती गाळायला कुणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हण. दुसऱ्याच्या कष्टाला आपल्या हातून धक्का न लागता ते नव्या पिढीपर्यंत पोहोचवणं, हे नवं घडवण्याइतकंच मोठं काम आहे, आणि तुला ते पहिल्याच नोकरीत मिळालं याचा मला अभिमान वाटतो.

जेवणाची हेळसांड करू नकोस. उडीची मोजणी झाली की आकडे मला कळव. कुठे अडलास तर आपण मिळून बघू.

तुझा,
काका