गाभ्यावर लक्ष ठेवणाऱ्यांचं करिअर

फ्रान्समध्ये मार्कूल इथे ‘फेनिक्स’ नावाची द्रुत, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनवर चालणारी, अणुभट्टी होती. १९८९ आणि १९९० मध्ये मिळून चार वेळा तिथे एकच प्रकार घडला. न्यूट्रॉनचा सिग्नल डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली गेला, वर आला, आणि संरक्षण यंत्रणेने भट्टी आपोआप बंद केली. गाभ्यातली इंधन-जुळणी क्षणभर फाकली असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे. ती कशामुळे फाकली, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. २००९ मध्ये भट्टी कायमची थांबली.

असे प्रश्न ज्या मुलांना झोपू देत नाहीत, त्यांच्यासाठी भट्टीच्या रिअ‍ॅक्टिव्हिटीवर लक्ष ठेवण्याचं हे क्षेत्र आहे.

रिअ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे साखळी प्रक्रिया वाढते आहे की मंदावते आहे, याचं माप. भंजनातून बहुतेक न्यूट्रॉन तत्क्षणी निघतात. मोजके थोडे उशिरा येतात, आणि त्यांच्यामुळेच भट्टी ताब्यात राहते. युरेनियम-२३५ मध्ये हे उशिरा येणारे हजारात साधारण साडेसहा, प्लुटोनियम-२३९ मध्ये जेमतेम दोन. त्यामुळे प्लुटोनियमवर चालणाऱ्या द्रुत भट्टीत फार बारीक लक्ष लागतं. डिटेक्टरचा सिग्नल घेऊन समीकरणं उलटी सोडवायची आणि लाखात काही भाग इतका बदलही टिपायचा. मग खरा शोध: कंट्रोल रॉड सरकला, गाभा थंड ठेवणारं सोडियम तापलं, इंधन वाकलं, की सोडियममध्ये वायूचे बुडबुडे शिरले?

आपल्याकडे हे काम तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला चालतं. तिथली एफबीटीआर ही प्रायोगिक द्रुत भट्टी १९८५ मध्ये सुरू झाली. ५०० मेगावॉटच्या पीएफबीआर या मोठ्या द्रुत भट्टीत मार्च २०२४ मध्ये गाभा भरण्याचा आरंभ झाला.

न्यूक्लिअर इंजिनिअरिंगचीच पदवी हवी, हा गैरसमज आहे. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशनवाले आणि फिजिक्सचे एमएस्सी, सगळे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या (बीएआरसी) ट्रेनिंग स्कूलमार्फत येऊ शकतात. गेटचा स्कोअर किंवा त्यांची ऑनलाइन परीक्षा, मग मुलाखत, मग स्टायपेंडसह वर्षभराचं प्रशिक्षण. मुलाखतीत पाठांतर टिकत नाही, पाया पक्का लागतो.

पालकांना किरणोत्साराची काळजी वाटते, ते स्वाभाविकच आहे. पण किरणोत्साराच्या क्षेत्रात काम करणाऱ्याच्या छातीवर किरणोत्साराची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज असतो, तिची नोंद राहते. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. रिअ‍ॅक्टिव्हिटीचं विश्लेषण तर बहुतेक संगणकासमोरच होतं. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे: घरापासून दूर, तमिळनाडूत वर्षानुवर्षं राहायची मुलाची किंवा मुलीची तयारी आहे का? ते आधी घरात मोकळेपणाने बोला. तयारी असेल, तर पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून गेटच्या अभ्यासाला लागा, आणि वयोमर्यादा व गुणांची अट दरवर्षीच्या जाहिरातीत स्वतः वाचून घ्या.