लागलं तर घरी सांगता आलं पाहिजे

शाळेतून आलेल्या मुलाचा गुडघा सोलवटलेला दिसला की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "किती वेळा सांगितलं, धावू नकोस म्हणून!" पोटात काळजीच असते, पण मुलाला ऐकू येतो तो राग. पुढच्या वेळी ते खरचटलेलं कोपर बाहीखाली झाकतं आणि गप्प बसतं.

मला या गप्प बसण्याची फार भीती वाटते. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा मॉरोन्जिएलो यांनी 6 ते 10 वर्षांच्या मुलांना त्यांच्या दुखापतींविषयी आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांविषयी विचारलं होतं. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की मुलगे लागल्याचं खापर नशिबावर फोडतात, पूर्वी जे करताना लागलं तेच पुन्हा करतात आणि घरी मुलींपेक्षा कमी सांगतात. आपल्याकडेही मुलगी झाडावर चढली की "उतर खाली, लागेल", आणि मुलगा चढला की "मुलगाच तो, धडपडणारच." मग आपण का पडलो, याचा विचार त्याने करावा तरी कशाला?

म्हणून रडं थांबलं की जवळ घेऊन विचारा, "पडायच्या आधी काय करत होतास? पुन्हा खेळताना काय वेगळं करशील?" उत्तर त्यालाच शोधू द्या. काहीच न लागता वाचला असेल, तेव्हा तर नक्की विचारा. दुखत नसतं, त्यामुळे मूल मोकळेपणी बोलतं.

नुसतं "जपून रे" म्हटल्याने मुलाला काही कळत नाही. "बसमधून उतरलास की बस निघून जाऊ दे, तिच्या पुढून रस्ता ओलांडू नकोस," हे कळतं. तरीही या वयात समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही, आणि आपल्याला जमेल त्यापेक्षा जास्त जमेल असं वाटत असतं. वर्दळीच्या रस्त्यावर हात धरायला मोठं माणूस हवंच. स्कूटरवर बाबांच्या डोक्यावर हेल्मेट आणि पुढे उभ्या लेकराचं डोकं उघडं, हे पाहून जीव कासावीस होतो. कायद्यानेही चार वर्षांपुढच्या मुलाला हेल्मेट लागतंच.

मुलाने वेळेवर सांगितलं तर किती वाचतं, पाहा. समोरचे पक्के दात साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी येतात, म्हणजे नेमके धडपडीच्या वयात. असा दात मुळासकट निघाला, तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला. मळला असेल तर पाण्यात हलकेच खळबळून जागेवर बसवा. नाहीच जमलं तर थंड दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. मुलाने भीतीने तो दात मैदानातच टाकून दिला, तर यातलं काहीच हाती राहत नाही.

डोक्याच्या मारात तर जिवाशीच गाठ असते. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, विचित्र बोलणं, जागं करूनही न उतरणारी गुंगी, यांतलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठायचं. संध्याकाळी पेंगणारं मूल आपल्याला दमलेलं वाटतं. दुपारी ते घसरगुंडीवरून डोक्यावर पडलं होतं हे ठाऊक असेल, तर 108 ला फोन करायला आपण सकाळ उजाडायची वाट बघत नाही.